ओली वजनं

जहाजावरून, ३ जानेवारी

मावशी,

पोचले एकदाची. चार दिवस उलट्या झाल्या, पाचव्या दिवशी आपोआप थांबल्या, तेव्हा आल्याच्या गोळ्यांचं श्रेय तू घेऊ नकोस. हाताने पत्र लिहायची पाळी आली कारण इथे नेट नाही. समुद्रतळाचा एकही आकडा जहाजाबाहेर जाऊ नये म्हणून कंपनीने आमचे फोन बंदरातच काढून घेतले. सॅटेलाइटचा एक फोन प्रमुखांच्या खोलीत आहे, तो कुणी शेवटच्या घटका मोजत असेल तरच मिळतो. दर तीन आठवड्यांनी भाजी, डिझेल आणि टपाल घेऊन एक बोट येते, दिवसभर थांबते आणि आमची पत्रं घेऊन परत जाते.

काम असं आहे. लोखंडी पेटी तारेला बांधून पाच किलोमीटर खाली सोडायची. ती तळाचा चौकोनी तुकडा कापून वर आणते. त्या गाळात काळे गोळे असतात, त्यांत निकेल, कोबाल्ट, तांबं. दिसायला थेट बटाटे, आणि जहाजावर सगळे त्यांना बटाटेच म्हणतात. ते धुवायचे, भट्टीत दोन दिवस वाळवायचे, मग मी तोलायचे. जहाज हलतं, काटा ठरत नाही, म्हणून एकच ढीग दहा वेळा तोलून सरासरी काढायची. भूगर्भशास्त्राची पदवी घेऊन शेवटी बटाटेच तोलायचे होते तर मंडईत बसले असते, संध्याकाळी घरी तरी आले असते.

माझ्या खोलीत भट्टी सांभाळणारी बाई आहे, तिला सगळे भट्टीवालीच म्हणतात. पन्नाशीची आहे, घोरते, पण जीव लावते. आमचे प्रमुख इतकं हळू बोलतात की त्यांचं नाव मवाळ पडलंय. त्यांचं ऐकायचं तर सगळ्यांना पुढे वाकावं लागतं. बाकी चारी बाजूंना पाणी आहे आणि त्याची मला अजून सवय झालेली नाही.

तुझी,
बारकी

२० जानेवारी

बारके,

श्रेय मी घेतलेलं आहे, आता ते परत मिळणार नाही.

तुला एक सांगायचं राहिलं, आणि मुद्दामच राहिलं. तुझ्या कंपनीची फाइल आमच्याच कार्यालयात येणार आहे, आणि तिचे नकाशे माझ्याच टेबलावर. तू निघालीस तेव्हा बोलले असते तर तू नोकरी सोडली असतीस, म्हणून गप्प बसले.

हे प्रकरण काय आहे ते ऐक, म्हणजे तुझे बटाटे कुठे जातात ते तुला कळेल. जो समुद्रतळ कुठल्याच देशाच्या हद्दीत नाही तो सगळ्या माणसांचा, असं कायदा सांगतो. पण सगळ्यांचं म्हटलं की ज्याचा हात लांब त्याचं होतं. म्हणून नियम असा की ज्या कंपनीला खणायचं आहे तिने जागेचे सारख्या किमतीचे दोन भाग करून आणायचे. दोन्हींचे नमुने, वजनं, नकाशे समोर ठेवायचे. मग त्यातला कुठला घ्यायचा ते आमचं कार्यालय ठरवतं, आणि ज्या देशांकडे जहाज सोड, धड होडी नाही, त्यांच्यासाठी तो राखून ठेवतं. कापणारा एक, निवडणारा दुसरा. तुझी आई आणि मी लहानपणी कलिंगड असंच वाटून घ्यायचो. ती ताई म्हणून सुरी तिच्या हातात, आणि मी धाकटी म्हणून पहिली निवड माझी. एकदा तिने कच्चा अर्धा असा फिरवून ठेवला की वरून तोच लाल दिसावा. मी फसले, आणि पुढे वर्षभर तिला कलिंगड कापू दिलं नाही.

नफा कसा वाटायचा त्याचं सूत्र मात्र मी नोकरीला लागले तेव्हापासून ठरतंच आहे. खाणीतून एक टोपली निघालेली नाही आणि टक्क्यांवरून समित्या एकमेकींच्या उरावर बसतात. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. राखीव भाग तेवढा खरा, तो त्या देशांच्या हाती लागतो. एकदा निवडला की मग बदलता येत नाही. तुमच्या फाइलची निवड १३ मे रोजी आहे.

म्हणून कामाचं एक अक्षर मला लिहू नकोस. जवळचं माणूस कंपनीत असेल तर आम्ही अर्ज भरून कळवायचं असतं. तो अर्ज माझ्या खणात कोराच पडलाय. भरला तर नकाशे काढून घेतील, आणि निवृत्तीला आठ महिने उरले असताना झेरॉक्सच्या खोलीत जाऊन बसायची माझी तयारी नाही. हे चांगलं नाही, मला कळतं. जेवत जा. रेलिंगला टेकून उभी राहू नकोस.

मावशी

जहाजावरून, १४ फेब्रुवारी

मावशी,

कामाचं लिहू नको म्हणालीस, पण मला विचारायला दुसरं कोण आहे?

बटाटा ओला तोलला तर शंभर भरतो, वाळवून तोलला तर सत्तर. पाणी आतपर्यंत मुरलेलं असतं. म्हणून जगभर तो कोरडाच तोलतात, अगदी कोरडाठाक. पूर्वेकडचा भाग आम्ही तसाच केला. पश्चिमेला आलो आणि भट्टी बंद पडली. मवाळ म्हणाले, "थांबायला वेळ नाही, ओलेच तोला आणि शेऱ्यात तसं लिहा." मी प्रत्येक ओळीपुढे 'ओले' असं लिहिलं. आठवड्याने भट्टी सुरू झाली, तरी ओलेच तोलायचा हुकूम कायम. वर तोललेले बटाटे ठेवायचे नाहीत, परत समुद्रात टाकायचे. पूर्वेकडचे मात्र पेट्यांत भरून, चिठ्ठ्या लावून ठेवलेत.

काल छापील तक्ता पाहिला. त्यात शेऱ्याचा रकानाच नाही. माथ्यावर छापलंय, 'सर्व वजने कोरडी'.

मी आधी स्वतःचंच काही चुकलं का ते पाहिलं. वही पुन्हा पुन्हा चाळली. मग मवाळांकडे गेले. ते म्हणाले, "तुम्ही तोलायचं काम छान करता." बस, एवढंच. एरवीपेक्षाही हळू. त्यांचा आवाज उतरला की टेबलावरची माणसं ताटं उचलून दुसरीकडे जातात, हे माझ्या आता लक्षात आलंय. भट्टीवाली म्हणते गप्प राहा. पण ती स्वतः गप्प राहणाऱ्यांतली नाही.



बारकी

३ मार्च

बारके,

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात फाइल आली. मी दार लावून घेतलं आणि तक्ते उघडले.

सगळी वजनं कोरडी. पूर्व आणि पश्चिम यांच्यात फरक शंभराला दोनाचासुद्धा नाही. इतके सारखे भाग मी सव्वीस वर्षांत पाहिले नाहीत. वरिष्ठ तर खूश आहेत, म्हणतात प्रामाणिक कंपनी दिसते. पश्चिमेचा भाग बेटवाल्या देशांना जवळ पडतो, त्यामुळे बहुतेक तोच निवडतील. तुझं म्हणणं खरं असेल तर तो दिसतो त्यापेक्षा जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने हलका आहे. म्हणजे गरिबाच्या हातात कच्चा अर्धा ठेवायचा, आणि तोही कायमचा.

मी नकाशांची बाई आहे, मला बोलायला कुणी बोलावत नाही. बोलले तर पहिला प्रश्न येणार, तुम्हाला कसं कळलं? आमच्याकडे आलेल्या तक्त्यांवर सह्याही नसतात, सहीच्या प्रती मोहोरबंद कपाटात. कुणी तोललं ते इथे कुणालाच माहीत नाही, माझ्याशिवाय.

म्हणून एकच विचारते. पश्चिमेचे बटाटे नंतर कधीतरी वाळवून पुन्हा तोलले का? चुकून तुझ्या हातून काही गळलं असेल तर तेही लिही, चुकीला फाशी नसते. हो किंवा नाही एवढं कळव. हे पत्र वाचून फाड.

मावशी

जहाजावरून, २८ मार्च

प्रिय मावशी,

तुझं पत्र मिळालं. माझी तब्येत छान आहे. तू विचारलंस त्याचं उत्तर हो. नंतर सगळे वाळवून पुन्हा तोलले. माझाच गैरसमज झाला होता, उगाच तुला काळजीत टाकलं. भट्टीवालीला चक्कर येते म्हणून ती आजच्या बोटीने घरी चालली आहे. जेवण चांगलं असतं. समुद्र शांत आहे.

आता पत्रं ऑफिसच्या टेबलावर उघडीच द्यायची असतात, ते पाकीट बंद करतात. त्यामुळे गोंद वाचतो.

तुझी भाची

जहाजावरून, २८ मार्च, दुसरं

मावशी,

आधीचं पत्र खोटं आहे. हे खरं आहे. आमचा वायरमन महिन्याच्या सुट्टीवर चाललाय, त्याच्या अवजारांच्या पिशवीत हे घालते. त्याचा बंदरातला पत्ता मागे लिहिलाय. मला लिहायचं असेल तर त्याच्याकडे पाठव, तो परत येताना आणील. तुझं ३ मार्चचं पत्र माझ्या हातात आलं तेव्हा पाकिटाची कड पुन्हा चिकटवलेली होती. त्यांनी ते वाचलंय, मावशी. तू कुठे काम करतेस ते आता मवाळांना माहीत आहे. ते समोर बसले आणि म्हणाले, "मावशींना काळजी वाटते, त्यांना लिहा ना, हो म्हणून." मी त्यांच्यासमोर लिहिलं.

बटाटे कुणी वाळवले नाहीत. भट्टी बिघडलीच नव्हती. वायरमनने उघडून पाहिली तर फक्त फ्यूज काढलेला होता. भट्टीवालीने जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत विचारलं, फ्यूज कुणी नेला? दुसऱ्या दिवसापासून तिला चक्कर येते असं ठरलं. तिला दवाखान्याच्या खोलीत ठेवलं, दाराला बाहेरून कडी. मी जेवण घेऊन गेले तर म्हणाली, "मला काही झालेलं नाही ग, पण मी आता काही बोलणार नाही." एवढी मोठी बाई, तिची मान खाली होती. अकरा दिवस ती त्या खोलीत होती.

आता खोलीत मी एकटी. दाराला आतून कडी नाही, मी खुर्ची लावते. डेकवर जायचं तर कुणीतरी असताना जाते, आणि कुणी असलं की वाटतं हा का आलाय. मवाळांनी मला ओरडून धमकी दिली असती तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "बोट तीन आठवड्यांनी येते. तोवर आपण सगळ्यांनी एकमेकांना सांभाळून राहायचं." माझी पाचावर धारण बसली आहे.

तक्ते पाठवले, सगळं कायदेशीर झालंय. १३ मेला तुम्ही पश्चिम निवडलीत की संपलं. माझी मूळ वही माझ्याकडे आहे, गादीखाली. तुला जे योग्य वाटेल ते कर. मला काही सुचत नाही.

बारकी

११ एप्रिल

बारके,

तुझं पत्र आलं आणि बरेच दिवसांनी मी पोटभर जेवले. वाळवले म्हणजे प्रश्न मिटला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो तुझ्यामागे लागला होता, आणि तुझ्यामुळे माझ्याही. मी तर खणातला अर्ज काढून नाव लिहायला बसले होते, परत ठेवून दिला. पुन्हा असं घाबरवलंस तर कान पिळीन, तिशीची झालीस तरी.

फक्त एक खटकलं. एवढं कोरडं पत्र तू कधी लिहीत नाहीस, आणि 'तुझी भाची' हे काय? रागावलीस का माझ्यावर? मी चूक तुझ्या माथी मारली म्हणून? तसं असेल तर माफ कर. भट्टीवालीला बरं वाटू दे.

मावशी

जहाजावरून, १८ एप्रिल

मावशी,

बोटीवरच्या स्वयंपाक्याला हे पत्र देतेय, बंदरात पेटीत टाकीन म्हणालाय. तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही, फक्त एवढाच विचार केला. काही करू नकोस. कुणाला काही सांगू नकोस.

मी एक गोष्ट लपवली. तक्त्यांवर सही माझी आहे. एकशे अठरा पानं, प्रत्येक पानावर. १४ फेब्रुवारीला, बोट सुटायच्या आधी, मवाळांनी पेन दिलं आणि समोर बसून राहिले. मी म्हटलं, हे कोरडे नाहीत. ते म्हणाले, "तोलणारीने सही करायची असते, एवढंच." तीन तास लागले. एकदाही ते उठले नाहीत. मी करत गेले. हात दुखायला लागला तेव्हा त्यांनी चहा मागवला, आणि मी त्यांना थँक्यू म्हटलं. त्या थँक्यूची मला सहीपेक्षा जास्त लाज वाटते.

आता तू बोललीस तर कंपनी काय म्हणेल ते उघड आहे. आम्हाला काय माहीत, तोलणारीने फसवलं, ही बघा सही. मूळ वहीही आता नाही. सोमवारी गादी उचलली तर खाली काही नव्हतं. खोटे नमुने दाखवण्याची शिक्षा करारात लिहिली आहे, सात वर्षं. ती मवाळांना होणार नाही.

त्या देशांतल्या लोकांना मी ओळखत नाही, मावशी. ते वाईट आहेत असं नाही. पण त्यांना कधी कळणारही नाही की त्यांचं काही गेलं. मला मात्र रोज कळेल. मला वाचव. एवढं एकदाच.

बारकी

२० एप्रिल, वायरमनच्या पत्त्यावर

बारके,

तुझं २८ मार्चचं दुसरं पत्र काल मिळालं. पहिलं खरं मानून मी जे लिहिलं ते विसर. मी तुला कान पिळायची भाषा केली आणि तू तिथे दाराला खुर्ची लावून बसली होतीस. माझंच पत्र त्यांनी उघडलं, मीच तुला उघडी पाडली.

काल दिवसभर नकाशांच्या खोलीत बसून होते. दोन्ही नकाशे टेबलावर. इकडे आड तिकडे विहीर. आधी वाटलं, काही न बोलता वरिष्ठांना पूर्वेकडे वळवावं. रंग जरा गडद करावा, पश्चिमेला वादळं फार असं सुचवावं. मग मला स्वतःचीच शिसारी आली. कच्चा अर्धा फिरवून ठेवण्यातलाच तो प्रकार. आणि पूर्व निवडली तरी मवाळांना कळणारच की कुणी सांगितलं. तू तिथेच असशील.

उघड बोलले तर जहाजावर सगळ्यांची नजर जाईल. नजर असली की कुणी तुला हात लावायला धजणार नाही, असं मी स्वतःला समजावतेय. गप्प बसण्यात तुझी सुरक्षितता आहे असं मला वाटत नाही, भट्टीवाली आधी गप्पच होती. तू बरोबर केलंस. जसं होतं तसं लिहिलंस, तुझे हात स्वच्छ आहेत. त्या जोरावरच मी उभी राहीन.

१३ तारखेला बैठक सुरू झाली की मी माझा अर्ज देणार आणि मग बोलणार. मला भीती वाटते. सव्वीस वर्षांत त्या खोलीत मी 'पुढचा नकाशा' याच्यापलीकडे दोन शब्द बोललेले नाही. तुझं उलट काही म्हणणं असेल तर त्याआधी कळव. नाही कळवलंस तर मी हो समजेन.

मावशी

१६ मे

बारके,

स्वयंपाक्याचं पत्र काल आलं. पाकिटावर तेलाचे डाग आहेत आणि शिक्का ८ मेचा. तो तीन आठवडे ते खिशात घेऊन फिरला असणार.

मी १३ तारखेला बोलले.

कसं झालं ते सांगते, कारण आता तुझ्यापासून काही ठेवायचं नाही. पश्चिमेचा नकाशा लावला आणि तिथेच उभी राहिले. अध्यक्ष म्हणाले, "धन्यवाद, बसा." मी म्हटलं, बसत नाही. मागच्या फळ्याला हात टेकला होता. सांगितलं की या जहाजावर तोलणारी माझ्या बहिणीची मुलगी आहे, हे मी लपवलं, आणि पश्चिमेची वजनं ओली आहेत. कंपनीचा वकील हसला. म्हणाला, "कोरड्या वजनांवर तिचीच सही आहे, कपाट उघडून बघा." त्यांनी उघडलं. एकशे अठरा पानं माझ्या टेबलावर आणून ठेवली. तुझं अक्षर मी शिकवलेलं आहे, बारके. 'तुझे हात स्वच्छ आहेत' असं मी तुला लिहिलं होतं, आणि ते पत्र तुला ९ तारखेला मिळालं असणार. ते वाचताना तुला काय झालं असेल याचा विचार करवत नाही.

निवड थांबवली आहे. पुढच्या बोटीने एक चौकशी अधिकारी आणि दोन माणसं येतायत. तिघांपैकी एका बाईला तुझ्या खोलीत राहायला सांगितलंय, ते मी मागून घेतलं. माझ्या किल्ल्या काढून घेतल्या. पेन्शनचं बघू. त्याचं मला आत्ता काही वाटत नाही, नंतर वाटेल.

एक गोष्ट लिहू की नको असं सकाळपासून चाललंय. तुझं पत्र तीन दिवस आधी मिळालं असतं तर मी गप्प बसले असते. पश्चिम निवडू दिली असती. घरी येऊन जेवले असते आणि कुणाला कधी कळलं नसतं. तू मला मोठ्या मनाची समजू नयेस, आणि मी तुझा बळी दिला असंही समजू नयेस, म्हणून हे सांगते. माझ्यापुढे निवड आली असती तर मी तुलाच निवडलं असतं. एका स्वयंपाक्याच्या विसराळूपणाने ती माझ्यापुढे आली नाही.

माझ्या बोलण्याने तू अडकलीस. तुला जे सांगायचं ते सांग. 'आठवत नाही' म्हणालीस तरी मी तुझ्या बाजूने उभी राहीन.

मावशी

जहाजावरून, ३१ मे

मावशी,

तेरा तारखेला संध्याकाळी मवाळांनी सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलावलं आणि रेडिओवर आलेला आदेश वाचून दाखवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मावशींनी तुमची काळजी घेतली." तू बोलणार हे वायरमनने आणलेल्या पत्रात वाचलं होतं, पण मला वाटलं, तोवर तुला माझं पत्र मिळालं. ते वाचून, सात वर्षं हा शब्द वाचून तू उठलीस आणि बोललीस. सतरा दिवस मी तुझा द्वेष केला. आई गेल्यावर तू मला नववीत कामाला लावून रात्रशाळेत पाठवलं नाहीस, आईचे कानातले विकून माझी फी भरलीस, ते सगळं आठवून आठवून द्वेष केला. जेवणाच्या टेबलावर माझ्या शेजारी कुणी बसत नव्हतं. वायरमनसुद्धा ताट घेऊन लांब जायचा, मी त्याला दोष देत नाही.

काल बोट आली. अधिकारी चढायच्या आधीच टपालाची पिशवी वर आली, त्यात तुझं पत्र होतं. या वेळी पाकीट बंद होतं. संडासात जाऊन वाचलं.

तू गप्प बसली असतीस हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं. सतरा दिवस मला तेवढंच हवं होतं. पण वाचलं आणि अंगावर काटा आला. म्हणजे तूही केलं असतंस. मी सही केली घाबरून, तू गप्प बसली असतीस माझ्यावरच्या मायेने, आणि मवाळांना आणखी काही करावंच लागलं नसतं. त्यांना कुणाला समुद्रात ढकलायची गरजच नव्हती. ते फक्त समोर बसून राहिले होते.

अधिकाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुम्ही सही केली तेव्हा ही वजनं कोरडी होती का?" मवाळ माझ्या बाजूला होते. ते हळूच म्हणाले, "आठवत नसेल तर तसं सांगा, कुणी काही म्हणणार नाही." मी तेच सांगायचं ठरवलं होतं. उत्तर पाठ होतं. तोंड उघडलं आणि म्हटलं, ओली होती. मला माहीत होतं, तरी मी सही केली. एकशे अठरा वेळा. अधिकाऱ्यांनी तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा मी तेच सांगितलं, दर वेळी आवाज आणखी बारीक होत गेला. शेवटी त्यांनाच पुढे वाकावं लागलं.

आज सकाळी पश्चिमेला पेटी पुन्हा सोडली. नवी वजनं ते स्वतः घेणार आहेत, वाळवून. म्हणजे त्या देशांना निदान कळून निवडता येईल. माझं काय होईल ते वेगळं. मला अटक म्हणत नाहीत, ताब्यात म्हणतात. आज बोटीने निघतोय. मवाळही त्याच बोटीवर आहेत, त्यांची खोली माझ्या समोरची. त्यांनी मगाशी दार धरून मला आधी जाऊ दिलं.

बंदरात २० जूनला जबाब आहे. लांबट खोली, एका बाजूला मी, समोर ते आणि त्यांचा वकील, असं माझ्या खोलीत राहायला आलेल्या बाईंनी सांगितलं. आपल्या माणसाला मागच्या बाकावर बसता येतं.

तू येऊ नकोस, तुला आधीच पुष्कळ भोगावं लागलंय, असं लिहिणार होते. दोनदा लिहून खोडलं. मला फार भीती वाटते, मावशी. ये.

बारकी